पंधरा मिनिटांत सुधारलेले बोबडे बोलणे : टीआयएनंतरच्या तपासण्या आणि उपचार

खांडेपारकाठ

चतुर्थीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास आमच्या घरी माटोळी (गणपतीच्या वर फळे-फुले टांगायची चौकट) बांधणे चालू होते. वडील (वय ७१, रक्तदाबाची गोळी बारा वर्षांपासून, मधुमेहाची सहा वर्षांपासून) खाली उभे राहून एकेक जिन्नस वर देत होते. सुपाऱ्यांचा घोस त्यांच्या उजव्या हातातून दोनदा खाली पडला. तिसऱ्यांदा उचलायला वाकले तेव्हा बोटे वळेनात, आणि "राहू दे" एवढे दोन शब्दही बोबडे आले. तोंडाचा उजवा कोपरा ओघळल्यासारखा दिसला असे वहिनी म्हणते. मला ते जाणवले नाही. आईने साखरपाणी दिले, कुणी तळवे चोळले, आणि पंधरा-वीस मिनिटांत सगळे पूर्ववत झाले, इतके की उरलेली तोरिंजने त्यांनी स्वतःच बांधली.

दुसऱ्या दिवशी गणपती घरात, त्यामुळे कोणी विषय काढला नाही. तिसऱ्या दिवशी जवळच्या एका दवाखान्यात नेले. तेथे रक्तदाब १५८/९२ भरला आणि धावपळीचा अशक्तपणा म्हणून जीवनसत्त्वाच्या गोळ्या मिळाल्या. धाकटा भाऊ इंग्लंडमध्ये स्विंडनला असतो. त्याने रात्री फोनवर हकीकत ऐकली आणि तो अक्षरशः ओरडला. चौथ्या दिवशी सकाळी साडेनऊला आम्ही मोठ्या रुग्णालयात पोहोचलो आणि तेथे वडिलांना लगेच दाखल करून घेतले.

एमआरआयमध्ये ताजी इजा दिसली नाही. मानेतल्या डाव्या कॅरोटिड रोहिणीत सुमारे ३० टक्के अरुंदपणा आहे, ईसीजी आणि इको ठीक आहेत. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल (गुठळी होऊ न देणाऱ्या गोळ्या) तीन आठवडे एकत्र, पुढे एकच, असे सांगितले आहे. कोलेस्टेरॉलसाठी ॲटोर्वास्टॅटिन सुरू केले आहे आणि रक्तदाबाची दुसरी गोळी जोडली आहे. शिवाय सात दिवसांचा होल्टर (छातीला लावून हृदयाची लय सतत नोंदवणारे यंत्र) लिहून दिला आहे.

माझ्या शंका अशा : एमआरआय स्वच्छ असेल तर झाले ते खरोखर टीआयएच (मेंदूचा रक्तपुरवठा थोडा वेळ तुटून येणारा झटका) होते कशावरून? दोन गोळ्या तीनच आठवडे का? आणि ईसीजी नियमित आलेला असताना आठवडाभर छातीला यंत्र लावण्याची गरज काय? वडील म्हणतात, "मी बरा आहे, आता पुरे करा."

तांबडी माती

आपण प्रसंग इतक्या बारकाईने लिहिला आहे की निम्मे निदान त्यातच झाले आहे. मी फिजिशियन होतो, आता निवृत्त आहे. वडिलांना मी तपासलेले नाही, तेव्हा हा मजकूर त्यांच्या डॉक्टरांच्या सल्ल्याच्या जागी वापरू नये.

मेंदूच्या, डोळ्याच्या पडद्याच्या किंवा क्वचित मज्जारज्जूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो आणि तेथील पेशी मरण्याआधी तो पुन्हा सुरू होतो, त्याला टीआयए म्हणतात. जुन्या व्याख्येत २४ तासांची मर्यादा होती. पण बहुतेक झटके तासाभरातच ओसरतात, आणि २४ तासांच्या आत पूर्ण बरे झालेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश रुग्णांच्या डिफ्यूजन एमआरआयमध्ये (ताजी इजा दाखवणाऱ्या एमआरआयमध्ये) मेंदूचा लहानसा भाग मेलेला आढळतो, हे पुढे लक्षात आले. म्हणून २००९ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने घड्याळाऐवजी ऊतीची इजा हा निकष धरला : इजा दिसली तर छोटा स्ट्रोक, न दिसली तर टीआयए. आपल्या वडिलांचा एमआरआय स्वच्छ आला म्हणूनच त्यांच्या झटक्याला टीआयए हे नाव मिळाले. तो झटका रक्तपुरवठ्याचाच होता, हे मात्र एमआरआय सांगत नाही. ते आपली हकीकत सांगते. उजवा हात, उजवे तोंड आणि वाणी एकदम, काही क्षणांत, एकत्र गेली. या तिन्हींचे केंद्र डाव्या मेंदूच्या एकाच रोहिणीच्या हद्दीत येते. थकव्याला अशी हद्द पाळता येत नाही.

आता वडिलांच्या "मी बरा आहे" या वाक्याबद्दल. हात परत चालू लागला म्हणजे गुठळी विरघळली किंवा पुढे सरकली, एवढेच कळते. ती जेथून आली ते ठिकाण तसेच असते. २००० साली कॅलिफोर्नियातील एका मोठ्या अभ्यासात तातडीच्या कक्षातून टीआयएचे निदान होऊन घरी गेलेल्यांपैकी साधारण १० टक्क्यांना ९० दिवसांत स्ट्रोक आला, आणि त्यातले निम्मे स्ट्रोक पहिल्या दोन दिवसांतले होते. गणपतीचा दिवस आणि त्याची आदली रात्र हाच तो काळ होता. ऑक्सफर्डमधील 'एक्सप्रेस' अभ्यासाने (२००७) दुसरी बाजू दाखवली : त्याच गावातील रुग्णांना थांबवून न ठेवता त्याच दिवशी तपासून औषध सुरू करण्याची पद्धत लावल्यावर ९० दिवसांतील स्ट्रोकचे प्रमाण १०.३ वरून २.१ टक्क्यांवर आले. औषधे तीच जुनी होती, फक्त ती लवकर पडली.

डॉक्टर मंडळी एबीसीडी-२ नावाचे गुणांकन वापरतात. वय ६० किंवा अधिक असल्यास १, रक्तदाब १४०/९० किंवा अधिक असल्यास १, एका बाजूचा अशक्तपणा २ (अशक्तपणा नसून फक्त वाणी गेली तर १), झटका १० ते ५९ मिनिटे टिकला तर १ आणि तासाहून अधिक टिकला तर २, मधुमेह १. वडिलांचे सातपैकी सहा होतात. मूळ संशोधनात सहा-सात गुणांच्या गटात पहिल्या दोन दिवसांतील स्ट्रोकचे प्रमाण ८ टक्के होते. तरीही या गुणांकनावर फार विसंबू नये. मानेची रोहिणी ९० टक्के बंद असलेल्या ५५ वर्षांच्या माणसाचे दोनच गुण भरू शकतात, कारण या आकड्याला ना मान दिसते ना हृदयाची लय. ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचनांनी तर कोणाला आधी पाहायचे आणि कोणाला नंतर, हे त्यावरून ठरवू नका, असेच आता सांगितले आहे.

दोन गोळ्यांबद्दल आणि होल्टरबद्दल उद्या लिहितो. डोळे दुखू लागले आहेत.

शंकासूर

थोडा विरोध नोंदवतो. हल्ली कोणाला चक्कर आली की एमआरआय, डॉप्लर (मानेच्या रोहिण्यांची सोनोग्राफी), इको असा संचच लिहून मिळतो आणि बिल हातात आल्यावर खरी चक्कर येते. माझ्या सासूबाईंना खाटेवरून उठताना गरगरले, तर 'मिनी स्ट्रोक' म्हणून दोन दिवस दाखल करून घेतले. आमच्या आजोबांच्या काळी "वारे लागले" म्हणत आणि माणूस चालू लागे.

तांबडी माती

शंकासूर, आपल्या सासूबाईंबद्दल बहुधा आपलेच खरे असेल. कूस बदलताना किंवा उठताना काही सेकंद खोली फिरणे हे बहुतेक वेळा कानातील स्फटिक सरकल्याने होते. नुसती चक्कर, नुसती शुद्ध हरपणे, नुसता गोंधळ यांपैकी एकच गोष्ट असेल तर टीआयएची शक्यता कमी. मात्र चक्करेबरोबर दोन-दोन दिसणे, बोलणे अडखळणे, घास न गिळता येणे किंवा चालताना एका बाजूला झुकणे आले, तर मेंदूच्या मागच्या भागाचा विचार करावाच लागतो.

"वारे लागले" म्हणून चालू लागलेल्या आजोबांविषयी मात्र एक विचारतो : त्यांतले किती जण पुढच्या महिन्यात अंथरुणाला खिळले, याची गणती कोणी ठेवली होती? आपल्याकडे 'वारे' या एकाच शब्दात चेहऱ्याच्या नसेचा आजार, अर्धांगवायू आणि टीआयए असे तिन्ही कोंबले जातात. पहिल्यात कपाळासकट अर्धा चेहरा लुळा पडतो आणि हात मात्र शाबूत राहतो. तो आजार त्रासदायक असला तरी जिवावरचा नाही. उरलेल्या दोहोंचे तसे नाही.

अबोली

मला वयाच्या विशीपासून अर्धशिशी आहे. डोकेदुखीच्या आधी डोळ्यांपुढे चमकत्या नागमोडी रेषा येतात, कधी बोटांपासून ओठांपर्यंत मुंग्या चढत जातात, एकदा तर शब्दच सापडेनात. वय आता ५२ आहे. प्रत्येक वेळी बांबोळी (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय) गाठायची का? आणि नाही, तर कोणत्या वेळी गाठायची?

तांबडी माती

हा प्रश्न भल्याभल्यांना चकवतो. अर्धशिशीची पूर्वलक्षणे बहुधा 'जास्तीची' असतात : जे नाही ते दिसते, मुंग्या येतात. ती हळूहळू पसरतात, बोटांपासून कोपरापर्यंत जायला दहा-वीस मिनिटे लागतात, आणि एक लक्षण सरले की दुसरे सुरू होते. टीआयएत काहीतरी 'उणे' होते : ताकद जाते, संवेदना जाते, एका डोळ्यापुढे वरून पडदा ओढावा तशी दृष्टी जाते, आणि हे सारे एका झटक्यात घडते. हातपाय झटके देत असतील तर आकडीचा विचार आधी करतात. अपवाद मात्र याही नियमाला आहे. मानेची रोहिणी फारच अरुंद झाली असेल तर उभे राहिल्यावर एक हात थरथरतो, आणि त्याला कित्येकदा आकडी समजले जाते.

तेव्हा आपली नेहमीची चित्रफीत नेहमीच्याच क्रमाने आली तर धावपळ नको. क्रम बदलला, हाताची ताकद खरोखर गेली, किंवा चमकत्या रेषांशिवाय वाणी एकदम बंद झाली, तर अर्धशिशीच असेल असे गृहीत धरून घरी बसू नये. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच अशी लक्षणे दिसणाऱ्यांची तर तपासणी व्हायलाच हवी. मधुमेहींसाठी आणखी एक : साखर उतरल्यानेही हुबेहूब अर्धांगासारखे चित्र उभे राहते, म्हणून कोणत्याही रुग्णालयात पहिली सुई बोटाला टोचतात. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणात मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण, २६.४ टक्के, गोव्यातच आढळले, त्यामुळे आपल्या घराघरांत हा मुद्दा लागू पडतो. घरी ग्लुकोमीटर असेल तर साखर मोजावी. साखरपाणी मात्र तोंडाने देऊ नये. ज्याचे तोंड वाकडे झाले आहे त्याचा गळाही अधू झालेला असू शकतो आणि पाणी श्वासनलिकेत जाते. खांडेपारकाठ यांच्या आईंनी मायेने दिले आणि निभावले, एवढेच.

गालजीबाग

आम्ही काणकोणच्या टोकाला राहतो. येथून बांबोळीला पोहोचायला रस्ता मोकळा असला तरी दीड तास जातो, आणि पर्यटकांच्या मोसमात तर विचारूच नका. दोन वर्षांपूर्वी माझे थोरले काका पहाटे उठले ते डावा पाय ओढतच. घरच्यांनी रक्तदाब जास्त दिसला म्हणून कोणाची तरी कॅप्सूल फोडून जिभेखाली पिळली, वर ॲस्पिरिनही दिली. वाटेत पाय सुधारला म्हणून गाडी अर्ध्या रस्त्यातून वळवली. चार दिवसांनी डावी बाजू गेली ती गेलीच. आज विचारतो : तेव्हा नेमके काय करायला हवे होते?

तांबडी माती

आपल्या काकांचे ऐकून वाईट वाटले. क्रमाने सांगतो.

लक्षण चालू असताना ते टीआयए आहे की स्ट्रोक हे कोणालाही सांगता येत नाही, मलाही नाही. ते ओसरल्यावरच कळते. म्हणून वागायचे ते स्ट्रोक समजूनच. १०८ ला फोन करावा, माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला ती वेळ चिठ्ठीवर लिहावी (झोपेतून उठताना लक्षण दिसले तर झोपायला गेला ती वेळ), चालू औषधांच्या पट्ट्या पिशवीत टाकाव्यात आणि निघावे. गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आत देतात. मोठी रोहिणी बंद असेल तर तार घालून गुठळी बाहेर काढता येते आणि निवडक रुग्णांत ते २४ तासांपर्यंतही करतात. आपल्यासाठी दीड तासाचा रस्ता म्हणजे साडेचारातला एक तृतीयांश वेळ. म्हणून जेथे सीटी नाही अशा ठिकाणी आधी 'दाखवून येण्यात' तो खर्च करू नये, आणि सीटी चालू असलेले सर्वांत जवळचे केंद्र कोणते हे १०८ च्या कर्मचाऱ्यांनाच विचारावे.

जिभेखालची कॅप्सूल ही आपल्याकडची जुनी आणि वाईट सवय आहे. अडथळ्यापलीकडच्या मेंदूला जे थोडे रक्त मिळत असते ते त्या वाढलेल्या दाबाच्या जोरावर. दाब एकाएकी पाडला की तेही तुटते. ॲस्पिरिनही सीटीच्या आधी नको. बाहेरून तसेच दिसणारे अर्धांग कधी मेंदूतल्या रक्तस्रावाने आलेले असते, आणि घरच्या ओट्यावर बसून ते ओळखण्याची कोणतीही युक्ती नाही.

लक्षण वाटेत सुधारले तर गाडी वळवायची नाही. एका दिवसात दोन-तीन झटके येऊन गेले तर ती आणखी मोठी धोक्याची खूण, मग प्रत्येक झटका पाचच मिनिटांचा असला तरी.

तांबडी माती

काल राहिलेले आता लिहितो.

दोन गोळ्यांचे गणित असे. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल दोन्ही प्लेटलेट्सना (रक्तातील गुठळी करणाऱ्या कणांना) एकमेकींना चिकटू देत नाहीत, पण वेगवेगळ्या वाटांनी. चीनमधील 'चान्स' (२०१३) या चाचणीत टीआयए किंवा सौम्य स्ट्रोक झालेल्या ५१७० रुग्णांना २४ तासांच्या आत औषध सुरू केले. ९० दिवसांत स्ट्रोक झालेल्यांचे प्रमाण एकट्या ॲस्पिरिनवर ११.७ टक्के, तर दोन्ही गोळ्या घेणाऱ्यांत ८.२ टक्के होते. तेथे दोन्ही गोळ्या २१ दिवसच एकत्र दिल्या होत्या. 'पॉइंट' (२०१८) या मुख्यतः अमेरिकेतील चाचणीत त्या पूर्ण ९० दिवस दिल्या. स्ट्रोक कमी झाले, पण गंभीर रक्तस्राव ०.४ वरून ०.९ टक्क्यांवर गेला. दोन्ही चाचण्यांतले तारखांचे तपशील पाहिले तर फायदा जवळजवळ सगळा पहिल्या तीन आठवड्यांत मिळतो आणि रक्तस्रावाचा धोका मात्र रोज थोडाथोडा साठत राहतो. तीन आठवडे आले ते यातून. पहिल्या दिवशी क्लोपिडोग्रेलची मोठी मात्रा देतात, नाहीतर औषधाला जोर यायलाच काही दिवस लागतात.

आपण पोहोचलात तेव्हा साधारण ६४ तास झाले होते. २०२३ च्या 'इन्स्पायर्स' चाचणीत ७२ तासांपर्यंत सुरू केलेल्या दोन गोळ्यांचाही उपयोग दिसला, पण लवकर सुरू केल्यावर दिसतो त्याहून कमी. गाडी सुटता सुटता पकडलीत म्हणा.

कॅरोटिडच्या ३० टक्क्यांना शस्त्रक्रिया लागत नाही. झटका ज्या बाजूचा, त्याच बाजूची रोहिणी ७० ते ९९ टक्के अरुंद असेल तर ती उघडून आतला थर काढण्याचा फायदा ठळक आहे. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या उत्तर अमेरिकेतील चाचणीत त्या बाजूच्या स्ट्रोकचे दोन वर्षांतील प्रमाण औषधांवर २६ टक्के आणि शस्त्रक्रियेनंतर ९ टक्के होते. ५० ते ६९ मध्ये माणूस पाहून ठरवतात. करायचीच असेल तर ती दोन आठवड्यांच्या आत करण्यात अर्थ आहे. "सण होऊ दे, मग बघू" म्हणत तीन महिने घालवले तर फायदा बराचसा निघून जातो.

आणि होल्टर. मला विचाराल तर आपल्या वडिलांच्या बाबतीत सर्वांत महत्त्वाची तपासणी हीच आहे. एमआरआयने इजा नाही म्हटले, डॉप्लरने मान फारशी दोषी नाही म्हटले; मग गुठळी आली कोठून, हा प्रश्न तसाच उभा आहे. ईसीजी दहा सेकंदांचे चित्र असते. ॲट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची बेताल थरथर, अनेकांत येऊन-जाऊन असते. त्या थरथरीत कप्प्याच्या कोपऱ्यात रक्त साकळते आणि तो गोळा मेंदूकडे जातो. 'एम्ब्रेस' (२०१४) चाचणीत कारण न सापडलेल्या रुग्णांना एक दिवसाचा होल्टर लावला तर ३.२ टक्क्यांत हा दोष सापडला, ३० दिवस यंत्र लावले तर १६.१ टक्क्यांत. शोधायचे ते एवढ्यासाठी की सापडले तर औषधच बदलते. वडिलांना सांगा, आठवडाभर घाम आला आणि खाज सुटली तरी यंत्र काढू नका.

सुरंगी

मी औषधालय चालवते. काउंटरवर रोज दिसणाऱ्या दोन-तीन गोष्टी येथे नोंदवते. आपल्याकडे ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल आणि स्टॅटिन अशी तिन्ही औषधे एकाच कॅप्सूलमध्ये मिळतात. चिठ्ठीवर तीन आठवडे लिहिलेले असते, पण ग्राहक पुढची दोन वर्षे तीच रिकामी पट्टी घेऊन येतो, "हीच द्या" म्हणतो, आणि थांबवायला सांगितले होते हे सगळेच विसरतात. उलटही घडते : संयुक्त कॅप्सूल चालू असताना घरातली इकोस्प्रिनची (म्हणजे ॲस्पिरिनचीच) वेगळी पट्टीही चालू राहते. म्हणून थांबवण्याची तारीख डब्यावरच ठळक लिहून ठेवावी.

दुसरे, गुडघेदुखीच्या गोळ्या. या औषधांवर असताना डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन स्वतःच्या मनाने घेतली तर पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. आम्लपित्तासाठी ओमेप्राझोल घेणाऱ्यांनीही डॉक्टरांना विचारावे, कारण ते क्लोपिडोग्रेलचा परिणाम कमी करते. तेथे बहुधा पॅन्टोप्राझोल देतात. शौच डांबरासारखे काळे होऊ लागले तर वाट पाहू नये.

पाथरवट

माझ्या पत्नीला लहानपणी सांधेताप झाला होता, त्यातून हृदयाची मिट्रल झडप अरुंद झाली. गेल्या वर्षी तिला दहा मिनिटे बोलता येईना. तिला रक्त गोठू न देणारे वॉरफरिन दिले आहे आणि दर महिन्याला आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचे माप) तपासावा लागतो. याच कामाच्या नवीन गोळ्यांना ही तपासणी लागत नाही असे वाचले, मग तिलाच जुने औषध का?

तांबडी माती

पत्नीला जे दिले आहे ते योग्य आहे. झडप सांधेतापाने मध्यम किंवा जास्त अरुंद झालेली असेल तेथे वॉरफरिनच वापरतात. 'इन्व्हिक्टस' चाचणी (२०२२) याच प्रश्नासाठी केली गेली, भारतासह अनेक देशांत; सांधेतापाच्या हृदयविकारासह ॲट्रियल फिब्रिलेशन असलेल्या रुग्णांत रिव्हारोक्साबान या नवीन गोळीपेक्षा वॉरफरिनच्या वर्गातील औषधावर मृत्यू आणि स्ट्रोक कमी आढळले. आयएनआर २ ते ३ मध्ये राखायचा. तांबडी भाजी किंवा मुळ्याचा पाला बंद करण्याची गरज नाही. दर आठवड्याला साधारण सारखेच खावे, एवढे पुरे.

खांडेपारकाठ

बारा दिवसांनी लिहीत आहे. होल्टरचा अहवाल आला. यंत्र लावल्याच्या चौथ्या रात्री दोन ते पावणेचारपर्यंत ॲट्रियल फिब्रिलेशन दिसले. वडील त्या वेळी गाढ झोपेत होते आणि त्यांना काहीच कळले नव्हते. न्यूरोलॉजिस्टनी ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल दोन्ही थांबवून अपिक्साबान ५ मिलिग्रॅम सकाळ-संध्याकाळ सुरू केले आहे. आईला धास्ती वाटते, कारण कालपर्यंत दोन गोळ्या अत्यावश्यक होत्या आणि आज दोन्ही बंद. वडिलांना वेगळीच चिंता : स्कूटर घेऊन फोंड्याच्या बाजारात जायचे की नाही? भाऊ तिकडचा नियम सांगून त्यांना घाबरवतो.

तांबडी माती

आईंना असे सांगा. रोहिणीच्या खरबरीत भिंतीवर प्रामुख्याने प्लेटलेट्स गोळा होतात, तेथे ॲस्पिरिन-क्लोपिडोग्रेल चालते. थरथरत्या कप्प्यातल्या साचलेल्या रक्तात गुठळी होते ती प्रामुख्याने रक्त गोठवणाऱ्या प्रथिनांच्या साखळीने, आणि ती तोडायला अपिक्साबानसारखे औषध लागते. तिन्ही एकत्र दिली तर रक्तस्राव वाढतो, आणि हृदयात स्टेंट नसेल तर त्याच्या बदल्यात पदरात फारसे काही पडत नाही. एमआरआयमध्ये इजा नव्हती, त्यामुळे औषध लगेच सुरू करायलाही अडचण नव्हती.

या औषधाची एकच कुरकुर आहे : त्याचा परिणाम दिवसभरात उतरतो. दोन वेळा चुकल्या तर वडील जवळजवळ औषधाविनाच असतात. आयएनआर नाही म्हणून तपासणीच नाही, असेही नाही. मूत्रपिंडाची तपासणी वर्षातून निदान एकदा करावी. वय ८० पूर्ण, वजन ६० किलो किंवा कमी, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या तपासणीतला आकडा) १.५ किंवा अधिक, यांपैकी दोन गोष्टी जुळल्या तर मात्रा निम्मी करतात, एरवी नाही. "वय झाले, अर्धीच देऊ" हे पुष्कळ घरांत चालते आणि ते चूक आहे.

बाकीचे जुनेच, पण सोडू नये : रक्तदाब १३०/८० च्या खाली, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) ७० च्या खाली. मीठ कमी करा म्हटले की लोक आमटीतले चिमूटभर काढतात आणि ताटात सुका बांगडा, पापड आणि चेपणीची तोरे (मिठात मुरवलेल्या कैऱ्या) तशीच राहतात. फेणीबद्दल विचारलेत नाही, तरी सांगतो : दारूने ॲट्रियल फिब्रिलेशन उसळते, औषधाची मानून घेतलेल्या घोटानेही.

स्कूटरचे म्हणाल तर भावाचे बरोबर आहे, ब्रिटनमध्ये टीआयएनंतर महिनाभर गाडी चालवता येत नाही. मी माझ्या रुग्णांना तोच महिना सांगत असे.

शंकासूर

मागचे शब्द थोडे मागे घेतो. सासूबाईंच्या बिलाबद्दलचे नाही.

खांडेपारकाठ

महिना संपायला अजून तेरा दिवस आहेत आणि ते मोजले जात आहेत. एक शेवटची शंका : वडिलांची खालची दाढ काढायची आहे. अपिक्साबान किती दिवस आधी बंद करावे? ओळखीचे एक जण म्हणाले, आठवडाभर.

तांबडी माती

आठवडा मुळीच नको. ते आठ दिवस म्हणजे पुन्हा चतुर्थीची संध्याकाळ. एका दाढेसाठी औषध सहसा चालूच ठेवतात, फार तर त्या सकाळची गोळी वगळतात किंवा उशिरा घेतात. रक्त तेथल्या तेथे टाका आणि कापूस दाबून थांबवता येते. दंतवैद्यांना औषधाचे नाव आधी कळवा, न्यूरोलॉजिस्टना विचारून गोळीची वेळ लिहून घ्या, आणि दाढ सकाळीच काढा, म्हणजे रक्त येत राहिले तर दवाखाना उघडा असेल. काही पक्के न ठरल्यास दाढही महिनाभर थांबू शकते. झटक्यानंतरचे पहिले काही आठवडे औषधात खंड पडू नये हे बरे.

खांडेपारकाठ

दाढ पुढे ढकलली. वडील स्कूटरपेक्षा त्यावर जास्त खूश आहेत.